वर्णभेदावर कायद्याची झूल

वर्णभेदी राजवट म्हटली की बंदुका आणि तुरुंग डोळ्यांसमोर येतात. दक्षिण आफ्रिकेत मात्र ही राजवट मतपेटीतून आली आणि संसदेच्या मार्गानेच तिने हातपाय पसरले.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कारखान्यांना मनुष्यबळ हवे होते. त्यामुळे कृष्णवर्णीय मोठ्या संख्येने शहरांत आले. गोऱ्या कामगारांना नोकऱ्यांची, तर शेतमालकांना हातचे मजूर जाण्याची धास्ती वाटू लागली. डॅनिएल मलान यांच्या नॅशनल पक्षाने नेमक्या या भीतीला खतपाणी घातले. मे १९४८ च्या निवडणुकीत या पक्षाला मित्रपक्षासह १५० पैकी ७९ जागा मिळाल्या. वास्तविक यान स्मट्स यांच्या युनायटेड पक्षाची मते अधिक होती. परंतु ग्रामीण मतदारसंघांना झुकते माप देणाऱ्या रचनेने पारडे फिरवले. एकेकाळी गांधीजींच्या सत्याग्रहाला सामोरे गेलेले स्मट्स स्वतःही पराभूत झाले.

त्यानंतर कायद्यांचा सपाटाच सुरू झाला. १९४९ मध्ये गोरे व गौरेतर यांच्यातील विवाहांवर बंदी आली. १९५० मध्ये प्रत्येक नागरिकाची वंशानुसार नोंदणी आणि वंशानुसार वस्त्यांची विभागणी ठरली. १९५३ मध्ये कृष्णवर्णीयांसाठी वेगळे, दुय्यम शिक्षण आले.

खरी कसोटी लागली ती केप प्रांतात. तेथील कृष्णवर्णीयांना १९३६ मध्येच सर्वसाधारण मतदार यादीतून वगळण्यात आले होते. मिश्रवंशीयांचा हक्क मात्र शाबूत होता. तो काढण्यासाठी दोन्ही सभागृहांच्या संयुक्त बैठकीत दोनतृतीयांश बहुमत आवश्यक होते. सरकारने १९५१ मध्ये साध्या बहुमतावर कायदा केला; अपील न्यायालयाने तो १९५२ मध्ये रद्द ठरवला. तेव्हा संसदेलाच न्यायालयाचा दर्जा देण्यात आला. तोही प्रयत्न न्यायालयाने हाणून पाडला. अखेर १९५५ मध्ये सरकारने घटनात्मक खटल्यांसाठी न्यायाधीशांची संख्या ११ वर नेली आणि सिनेटची सदस्यसंख्या ४८ वरून ८९ केली. १९५६ मध्ये हवे ते बहुमत जमले. न्यायालयानेही त्यावर शिक्कामोर्तब केले. विरोधात निकाल देणारे न्यायमूर्ती ऑलिव्हर श्राइनर एकटेच होते.

म्हणजे नियम पाळले गेले, पण नियमांचा आत्मा हरवला. राज्यघटनेच्या मृत्यूचा शोक म्हणून काही गोऱ्या महिला खांद्यावरून काळी पट्टी बांधून रस्त्यावर उभ्या राहिल्या. ज्यांना मतच नव्हते, त्यांचा लढा त्याआधीच पेटला होता. १९५२ च्या कायदेभंगात आठ हजारांहून अधिक जणांना अटक झाली. ऑगस्ट १९५६ मध्ये सुमारे वीस हजार महिलांनी पासच्या सक्तीविरुद्ध प्रिटोरियात मोर्चा नेला. २१ मार्च १९६० रोजी शार्पव्हिल येथे अशाच निदर्शकांवर पोलिसांनी गोळीबार केला. तत्कालीन अधिकृत नोंदीनुसार ६९ जण मृत्युमुखी पडले. सनदशीर मार्ग खुंटल्यावर संघर्षाने शस्त्राची वाट धरली.

१९९४ मध्ये सर्वांना मताधिकार मिळाला, तेव्हा देशाने हा धडा ध्यानात ठेवला. १९९६ च्या राज्यघटनेने संसदेऐवजी घटनेलाच सर्वोच्च मानले. तिचे रक्षण करणारे घटना न्यायालय २००४ पासून जोहान्सबर्गमध्ये ज्या जागी उभे आहे, तेथे पूर्वी तुरुंग होता. गांधीजी आणि नेल्सन मंडेला या दोघांनाही तेथे कोंडण्यात आले होते. त्या तुरुंगाच्या पाडलेल्या भागातील विटा न्यायालयाच्या बांधकामात वापरण्यात आल्या आहेत.