केस निघावेत, कातडी राहावी

सांगलीच्या हळदपेठेत अडतीचा व्यवसाय करणाऱ्या एका कुटुंबात चातुर्मासाच्या आरंभीच एक पेच उभा राहिला. गावात मुनिसंघाचा चातुर्मास ठरला होता आणि घरच्या आजींनी आहारदानासाठी चौका लावण्याचा संकल्प सोडला होता. त्याच घराच्या मागील दारी लॅब्रॅडॉर जातीचा एक कुत्रा राहत होता. पुण्यात नोकरी करणाऱ्या नातवाने तो पाळला होता. नातवाला नोकरीनिमित्त परदेशी जावे लागले, तेव्हा मुक्या जिवाला रस्त्यावर कसे सोडावे, म्हणून तो सांगलीस आला आणि हळूहळू घरचाच झाला.

पावसाळा सुरू झाला आणि त्याचे केस गळू लागले. ओसरीवर केस, सतरंजीवर केस, अण्णांच्या खतावणीच्या पानांतही केस. तोवर सर्वांनी ते हसण्यावारी नेले. एके सकाळी चौक्याचे धूतवस्त्र झटकताना आजींना त्यावर एक पिवळसर केस दिसला आणि त्या मटकन खाली बसल्या. त्यांची भीती अनाठायी नव्हती. मुनींच्या करपात्रात केस आढळला की अंतराय होतो. ते तत्क्षणी आहार सोडतात आणि मग दुसऱ्या दिवसापर्यंत पाण्याचा घोटही नाही.

“एका केसापायी महाराजांना उपवास घडला, तर ते कुणाच्या खाती मांडायचे?” आजींनी मुलाला विचारले. “चार महिने त्याला गोदामात बांधून ठेव.”

अण्णा काही बोलले नाहीत. सून मात्र हळूच म्हणाली, “आई, बांधून ठेवणे हाही अतिचारच ना?”

आजी निरुत्तर झाल्या, कारण सुनेचे म्हणणे खरे होते. अहिंसाणुव्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत, ते मुख्यतः आश्रित जिवांशी होणाऱ्या वर्तनाविषयीच आहेत : बांधून ठेवणे, पीडा देणे, अवयव वा कातडी छेदणे, शक्तीपलीकडे ओझे लादणे आणि अन्नपाणी तोडणे. श्रावकाने जनावर सांभाळले की ही पाचही कलमे त्याला लागू होतात.

उपाय नातीने शोधला. तिने बारीक पोलादी दात्यांचे, केस उपसून काढणारे एक महागडे साधन मागवले. पहिल्याच दिवशी पिशवी भरेल एवढे केस निघाले आणि सारे घर हरखून गेले. दुसऱ्या दिवशी पुन्हा अर्धा तास, तिसऱ्या दिवशी पुन्हा अर्धा तास. चौथ्या दिवशी ते साधन हातात दिसताच कुत्रा खाटेखाली शिरला. त्याच्या पाठीवर लाल रेघा उमटल्या होत्या आणि एके ठिकाणी कातडी सोलवटली होती. बंध टाळण्याच्या प्रयत्नात घराकडून नकळत छेद घडला होता.

पशुवैद्यांनी दोष साधनाला कमी आणि हिशोबाला अधिक दिला. एका फेरीत किती केस निघाले, हा या व्यवहारातील नफा नव्हे. कातडी शाबूत राहून जे गळालेले केस निघाले, तेवढाच नफा; बाकीचे भांडवलातून गेलेले असते.

हा हिशोब समजण्यासाठी कुत्र्याच्या अंगावरील केसांची रचना ध्यानात घ्यावी लागते. लॅब्रॅडॉर, गोल्डन रिट्रीव्हर, जर्मन शेफर्ड, पॉमेरेनियन अशा जातींच्या अंगावर केसांचे दोन थर असतात. वरचे केस राठ व लांब असतात. ते ऊन, पाणी आणि खरचटण्यापासून अंगाचे रक्षण करतात. खालची लव मऊ व दाट असते आणि प्रामुख्याने तीच गळते. केसगळतीचा संबंध दिवसमानाशी आहे. परंतु घरातील दिव्यांच्या उजेडात राहणाऱ्या जनावरांचे केस वर्षभर थोडेफार गळतच राहतात. म्हणून गळती थांबवणारा ब्रश जगात नाही. जो केस उद्या सतरंजीवर पडणार आहे, तो आज ब्रशमध्ये यावा, एवढेच ब्रशचे काम. बारीक दात्यांचे पाते रोज चालवले, तर ते खालच्या लवेबरोबर वरचे निरोगी केसही तोडते आणि शेवटी कातडीवर घासू लागते. केसांची कटकटच नको म्हणून अशा जातीच्या कुत्र्याचे अंग भादरणेही हिताचे नाही. उन्हापासूनचे संरक्षण त्यामुळे जाते आणि केस पुन्हा पूर्ववत येतीलच असे नाही.

तेव्हा ब्रशची निवड केसांच्या प्रकारावरून करावी. आखूड केसांच्या कुत्र्यांना, त्यात आपल्या गल्लीतील देशी कुत्रीही आली, जाड बोथट दात्यांचा रबरी ब्रश किंवा रबरी हातमोजा पुरतो. तो गोलाकार फिरवला की सुटलेले केस वर येतात आणि जनावराला अंग चोळल्याचे सुख मिळते. दोन थरांच्या कुत्र्याला आधी हाच रबरी ब्रश आणि त्यानंतर दूर दूर बसवलेल्या, टोकाशी गोलाई असलेल्या लांब दात्यांची फणी वापरावी. बाक दिलेल्या बारीक तारांचा स्लिकर ब्रश लांब केसांसाठी उपयोगी असतो. मात्र त्याची गादी दाबताच आत जाणारी असावी आणि हात हलका असावा. ल्हासा ॲप्सो किंवा शिह त्झू यांचे केस कमी गळतात, पण त्यांत गुंता फार होतो. त्यांना टोकाशी गोल मणी नसलेला, गुळगुळीत तारांचा ब्रश आणि शेवटी तपासणीपुरता धातूचा कंगवा लागतो. कंगवा मुळापासून शेंड्यापर्यंत अडथळ्याविना गेला, म्हणजे काम पुरे झाले.

मांजराचा विचार स्वतंत्रपणे करावा लागतो. पुष्कळ धान्यपेढ्यांवर एखादे मांजर मुक्कामाला असतेच. मांजर स्वतःचे अंग स्वतः चाटते आणि गळालेले केस त्याच्या पोटात जातात. त्यांचे गोळे बनून ते ओकून पडतात आणि क्वचित आतड्यात अडकतातही. म्हणून मांजराचे केस विंचरणे हा केवळ घराच्या स्वच्छतेचा प्रश्न नव्हे. त्याची कातडी पातळ व सैल असते, त्यामुळे साधन कुत्र्याच्या साधनाहून मऊ हवे. आखूड केसांच्या मांजरास आठवड्यातून एकदोनदा रबरी ब्रश पुरतो. पर्शियन मांजरास रोज कंगवा हवा. शेपूट झटके देऊ लागली, कान मागे गेले, की त्या दिवसापुरते थांबावे. केसांची जट झाली असेल तर ती कात्रीने कापू नये. जटेबरोबर कातडीही वर ओढली जाते आणि कात्री तिच्यावर चालते. जट बोटांनी हळूहळू सोडवावी; न सुटल्यास पशुवैद्यांकडे न्यावे. अंघोळीपूर्वी गुंता काढावा. पाणी लागले की तो अधिकच घट्ट होतो.

जैन कुटुंबाने आणखी एक प्रश्न दुकानदारास विचारलाच पाहिजे : ब्रशचे केस कशाचे आहेत? ‘नॅचरल ब्रिसल’ हा शब्द कानाला गोड लागतो. त्याचा अर्थ बहुधा डुकराचे राठ केस असा असतो. काही वेष्टनांवर ‘बोअर ब्रिसल’ असे स्पष्ट छापलेलेही असते. एका जिवाची सेवा दुसऱ्या जिवाच्या केसांनी करण्याचे कारण नाही. नायलॉन, रबर व सिलिकॉन यांचे ब्रश सर्वत्र मिळतात आणि धुण्यासही सोपे असतात. घरी आधीपासून असलेल्या ब्रशविषयी शंका असेल, तर त्याचा एक केस काढून ज्योतीवर धरावा. प्राण्याच्या केसाला जळक्या केसांचाच वास येतो व त्याची भुकटी होते. नायलॉन वितळून त्याचा कडक मणी बनतो.

ब्रश फिरवताना केसांत पिसू किंवा गोचीड सापडली, तर श्रावकाचा हात थबकतो. ती चिरडणे धर्माला मान्य नाही आणि आरोग्यालाही घातक आहे, कारण रक्त प्यायलेली गोचीड बोटांनी फोडल्यास आतील रोगजंतू हाताला लागू शकतात. तिच्याकडे दुर्लक्ष करणेही योग्य नव्हे. गोचिडीमुळे कुत्र्याला प्राणघातक ताप येतो. यतनेचा मार्ग प्रादुर्भाव होण्यापूर्वीचा आहे : जागा कोरडी व स्वच्छ ठेवावी, अंग नियमित विंचरावे आणि प्रतिबंधाचा उपाय पशुवैद्यांच्या सल्ल्याने वेळेवर करावा. वाढलेली हिंसा निस्तरण्यापेक्षा ती उद्भवू न देणे हे केव्हाही श्रेयस्कर. अंगावर औषध लावलेल्या जनावराचे केस मात्र पक्ष्यांच्या घरट्यांसाठी म्हणून बाहेर टाकू नयेत. औषधाचा अंश पिलांपर्यंत जातो. ते पिशवीत बांधून कचऱ्यात द्यावेत.

नियमित ब्रश करणाऱ्या हाताला रोगाची चाहूलही आधी लागते. केस सर्वांगाचे सारखे विरळ होत असतील तर ती ऋतूची गळती. गोल चट्टे, लाली, खपल्या, दुर्गंधी किंवा सततची खाज दिसली तर तो रोग समजावा. गजकर्णासारखा बुरशीचा रोग तर जनावराकडून घरातील मुलांनाही होतो. अशा वेळी ब्रश बदलण्यात दिवस न घालवता पशुवैद्य गाठावेत.

सांगलीच्या त्या घरात पाठीची जखम बरी होईपर्यंत ब्रश बंद राहिला. नंतर रबरी ब्रश आला. वेळ ठरली दुपारची, म्हणजे आहाराची वेळ टळल्यानंतरची; जागा ठरली मागील अंगणाची; काम फक्त 10 ते 15 मिनिटांचे, एक दिवसाआड. ब्रश करणाऱ्याने अंगावरचे कपडे तिथेच झटकून बदलायचे. चौक्याची वस्त्रे वरच्या मजल्यावर, बंद खोलीत वाळू लागली. कुत्रा मोकळाच राहिला. जिना तेवढा त्याला बंद झाला.

आपल्या समाजाला प्राणिदया नवी नाही. भटक्या कुत्र्यांना मारण्याच्या सरकारी हुकमावरून 1832 मध्ये मुंबईत दंगल उसळली आणि 1834 मध्ये तेथे पांजरापोळ उभी राहिली. त्या कामी पारशी आणि जैन व्यापाऱ्यांनी आपल्या थैल्या मोकळ्या केल्या. पावती फाडून होणारी दया आजही समाजात भरपूर आहे. परंतु घरातल्या मुक्या जिवाला पावतीचा उपयोग नसतो. त्याच्या वाट्याला येते ती हाताची दया, आणि तिची परीक्षा स्पर्शातच होते.

पिंछीचे पाच गुण सांगितले जातात : ती धूळ धरत नाही, घाम धरत नाही, मृदू असते, सुकुमार असते आणि हलकी असते. मोरपिसाचे टोक डोळ्याला लागले तरी इजा होत नाही, अशी परंपरेची ग्वाही आहे. संयमाच्या त्या उपकरणाची आणि कुत्र्याच्या ब्रशची बरोबरी कोणी करू नये. परंतु ज्या समाजाने सूक्ष्म जिवांसाठी साधन निवडताना इतका विचार केला, त्याने डोळ्यांसमोरच्या जिवासाठी साधन निवडताना केवळ किंमत आणि जाहिरात पाहावी, हे शोभणारे नाही.

चातुर्मास पार पडला. आजींच्या चौक्यात केसामुळे अंतराय आला नाही. त्याचे श्रेय ब्रशइतकेच शोधनाला आणि सोवळ्यालाही होते. दिवाळीनंतर पिंछी परिवर्तनाचा सोहळा झाला. त्याच सुमारास नातीने लांब दात्यांची नवी फणी आणली आणि ती थेट अंगणाकडे निघाली. आजींनी तिला थांबवले, फणी मागून घेतली, पदर सावरून स्वतःच्या हाताच्या आतल्या बाजूवर ती दोनदा ओढून पाहिली. वयामुळे कागदासारख्या पातळ झालेल्या त्या कातडीवर रेघ उमटली नाही.

“आता घेऊन जा,” आजी म्हणाल्या.