ड्यूटी लावणाऱ्याची ड्यूटी कोण लावतो?

माळीवाड्याच्या स्टँडवर आम्ही चहा पीत उभे होतो. आमचा एक मित्र रात्रीच्या गाडीनं मुंबईहून आला होता. सिद्धार्थनगरात आमच्याबरोबर वाढलेला. बी. कॉम. झाला, कॉम्प्युटर शिकला, विमान कंपनीत लागला. गल्लीत सगळे म्हणतात, पोरगं विमानात आहे. विमानात कसलं डोंबल! तो खिडकी नसलेल्या खोलीत पडद्यापुढं बसतो. कोणत्या विमानावर कोणता पायलट, कोणत्या हवाईसुंदऱ्या, कोणी किती वाजता निघायचं, कोण आजारी पडला तर त्याच्या जागी कोणाला झोपेतून उठवायचं, हे तो लावतो. एसटीच्या भाषेत सांगायचं तर ड्यूटी लावणारा.

चहा अर्धा झाला नाही तोच त्याचा फोन वाजला. त्या दिवशी त्याची सुट्टी होती. पंधरा मिनिटं तो भिंतीकडं तोंड करून "येस सर, नो सर" करत राहिला. परत आला तेव्हा चहा गार झाला होता. मी विचारलं, ह्याचा ओव्हरटाइम मिळतो का रे? तो हसला. म्हणाला, "आम्ही एक्झिक्युटिव्ह आहोत. ओव्हरटाइम कामगाराला असतो."

मित्रांनो, हे वाक्य माझ्या डोक्यातून जाईना, म्हणून हे संपादकीय. त्याच्या कंपनीचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर ती त्याचीच ड्यूटी कायमची लावील.

आधी हिशेब समजून घ्या. पायलटला किती तास उडवायचं आणि किती विश्रांती द्यायची, ह्याचे सरकारी नियम आहेत. जानेवारी २०२४ मध्ये नवे नियम जाहीर झाले. आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांवरून ४८ तास. रात्रीची लँडिंग सहावरून दोन. पहिला टप्पा १ जुलै २०२५, दुसरा १ नोव्हेंबर २०२५. नियम चांगलेच आहेत. पेंगुळलेल्या माणसाच्या हातात दीडशे-दोनशे जीव देऊ नयेत, हे सांगायला शास्त्रज्ञ लागत नाही. आमच्या बायाबापड्यांनाही ते कळतं.

पण हे तास मोजणाऱ्या माणसाचे तास कोण मोजतो? पायलट आणि हवाईसुंदरीच्या विश्रांतीचे हे नियम ड्यूटी लावणाऱ्याला लागू नाहीत. पहाटे चारला डोळे तारवटलेल्या ह्या पोरानं दुसऱ्याच्या झोपेचा हिशेब अचूक करायचा. चुकला तर पायलट थकलेला उडणार, आणि चूक सापडली तर पहिलं बोट ह्याच्याकडं.

आता डिसेंबर २०२५ आठवा. नियम येणार हे पावणेदोन वर्षं माहीत होतं. तरी इंडिगोची विमानं कोसळलेल्या पत्त्यांसारखी रद्द झाली. ३ ते ५ डिसेंबर ह्या तीन दिवसांत २,५०७ उड्डाणं रद्द. तीन लाखांवर प्रवासी अडकले. टीव्हीवर सगळ्या देशानं काउंटरवरच्या पोरापोरींना शिव्या खाताना पाहिलं. ड्यूटी लावणारे तर टीव्हीवरही दिसले नाहीत. पडद्यावर माणसांच्या चौकटी रिकाम्या, आणि वरून हुकूम, "भरा." माणूस भरती करायचा अधिकार नाही, पण माणूस उभा करायची जबाबदारी आहे. मंत्र्याविना खातं ऐकलं होतं. हे तर भाताविना ताट वाढणं झालं.

पुढं चौकशी झाली. जानेवारी २०२६ मध्ये कंपनीला २२ कोटी २० लाखांचा दंड झाला. चौकशीनं काय म्हटलं ते नीट वाचा. माणसं आणि विमानं जास्तीत जास्त पिळून काढायची, सावरायला जागाच ठेवायची नाही, अशा धोरणानं वेळापत्रकं बांधली होती. म्हणजे दोष खोलीतल्या पोराचा नव्हता. दोष धोरणाचा होता. धोरण वर ठरतं, शिव्या खाली पोचतात. आपल्याला ही चाल नवी आहे काय?

एक दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर खोटं पडेल. जून २०२५ मध्ये नियामकानं एअर इंडियाच्या तीन अधिकाऱ्यांना ड्यूटी लावण्याच्या कामातून दूर करायला लावलं. लायसन्स, विश्रांती, सराव ह्यांचे नियम मोडून ड्यूट्या लावल्या गेल्या होत्या. तिथं कारवाई मोठ्या खुर्च्यांपर्यंत गेली, हे बरं झालं. ह्यावरून एवढं कळतं की हे काम कारकुनी दिसलं तरी जीवावरचं आहे. मग जीवावरच्या कामाला पगार, माणसं आणि विश्रांती कारकुनापेक्षाही कमी का?

आणि हे दुरून बघायचं आपल्याला कारण नाही. १ ऑक्टोबर २०१७ ला आपल्याच जिल्ह्यात, कोपरगाव तालुक्यातल्या काकडीला, शिर्डीचा विमानतळ सुरू झाला. आपली पोरं आता त्या धंद्यात शिरणार आहेत. शिरलीच पाहिजेत. पण डोळे उघडे ठेवून.

नगरला ड्यूटीचा इतिहास शिकवायला नको. १ जून १९४८ ला पहिली एसटी ह्याच नगरातून पुण्याला गेली. आणि ह्याच जिल्ह्यात, शेवगाव आगारात, ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीस एका चालकानं आगारातच गळफास घेतला. मग संप पेटला. नोव्हेंबरात सरकारनं वाढ जाहीर केली: दहा वर्षांपर्यंत नोकरी असलेल्याला पाच हजार, दहा ते वीस वर्षांवाल्याला चार, त्यापुढच्याला अडीच. विलीनीकरण मिळालं नाही. एप्रिल २०२२ मध्ये कोर्टानं कामावर जायला सांगितलं. जे मिळालं ते रस्त्यावर बसल्यामुळं मिळालं. कोणाला दया आली म्हणून नव्हे.

आगारात मी आणखी एक पाहिलंय. ड्यूटी लावणारा कोणाचा, त्यावर चांगला रूट कोणाचा हे ठरतं. साहेबाच्या मर्जीतल्याला घराजवळची गाडी, आणि आमच्या माणसाला मुक्कामाची, धुळीची, सणावाराची. तक्त्यावर जात लिहिलेली नसते. पण तक्ता वाचता येणाऱ्याला ती दिसते. फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला दलित रेल्वे कामगारांच्या परिषदेत बाबासाहेबांनी हेच मांडलं होतं. आपला माणूस रेल्वेत गँगमन म्हणूनच मरतो. साधं पोर्टरचं कामही त्याला मिळत नाही, कारण पोर्टरनं स्टेशनमास्तरच्या घरात राबायचं असतं आणि तिथं अस्पृश्य चालत नाही. म्हणूनच त्यांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही असे दोन शत्रू सांगितले. मनमाड आपल्याच रेल्वेलाइनीवर आहे, हे विसरू नका. म्हणून माझ्या मित्राला मी तोंडावर सांगितलं: उद्या तूही तक्त्यावर कोणाची तरी रात्र काळी करशील. तुझ्यावर अन्याय होतो म्हणून तुला अन्याय करायचा परवाना मिळत नाही.

आता त्या 'एक्झिक्युटिव्ह'कडं वळू. कारखान्यातला आठवडा ५४ तासांवरून ४८ वर आणणारी दुरुस्ती १९४६ ची. तेव्हा मजूरमंत्री बाबासाहेबच होते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या श्रमसंहिता लागू झाल्या. त्यांतही कामगाराला दिवसाचे आठ तास, आणि जादा काम त्याच्या संमतीनं, दुप्पट दरानं. पण हे सगळं 'कामगारा'ला. व्यवस्थापक बाहेर. देखरेख करणारा अठरा हजारांपेक्षा जास्त पगार घेत असेल तर तोही बाहेर. म्हणून मालक पोराच्या गळ्यात टाय बांधतो आणि कार्डावर 'एक्झिक्युटिव्ह' छापतो. साधा कागद, पण त्यानं ओव्हरटाइमही जातो आणि युनियनही.

फसू नका. कोर्टांनी पुन्हा पुन्हा सांगितलंय की हुद्द्याचं नाव बघायचं नाही, मुख्य काम काय ते बघायचं. ज्याच्या हातात भरती नाही, बडतर्फी नाही, साधी रजा मंजूर करायचा अधिकार नाही, तो कसला व्यवस्थापक? दिवसभर तक्ते भरणं आणि फोन करणं हे कारकुनी, तांत्रिक, चालनाचं काम आहे. कायद्याच्या व्याख्येत ते बसतं.

तेव्हा मागण्या सरळ आहेत. ड्यूटी लावणाऱ्यांच्या पाळीला आणि विश्रांतीला पायलटसारखीच नियमात मर्यादा घाला. सुट्टीच्या दिवशीचा फोन म्हणजे काम, त्याचे पैसे द्या. नियमाविरुद्ध ड्यूटी लावायला नकार देणाऱ्याला संरक्षण द्या, आणि तोंडी हुकूम देणाऱ्या साहेबाला लेखी द्यायला लावा. कोणाला किती रात्री लागल्या, हा तक्ता सगळ्यांपुढं टांगा.

आणि मित्रा, तुला एक मागणी माझ्याकडून. आजपासून वहीत लिहायला लाग. तारीख, आलो किती वाजता, गेलो किती वाजता, फोन किती, हुकूम कोणाचा. तू दुसऱ्यांचा मिनिटामिनिटाचा हिशेब ठेवतोस. स्वतःचा ठेवला नाहीस तर तुझ्यासारखा अडाणी तूच. शेजारच्या खुर्चीवरच्यालाही लिहायला सांग. दोन वह्या झाल्या की युनियनचं पहिलं पान झालं.

तो परतीच्या गाडीत बसला तेव्हा फोन पुन्हा वाजला. त्यानं नंबर पाहिला. उचलला नाही. खिशातून पेन काढलं आणि तिकिटाच्या पाठीमागं वेळ लिहिली.

जय भीम.