दहा अक्षरांचे नाव

तंजावरहून कुंभकोणमकडे आगगाडीने निघाले, की पापनाशमच्या पुढे सुंदरपेरुमाळ कोयिल नावाचे एक लहानसे स्थानक लागते. वाचकहो, क्षणभर मासिक मिटून हे नाव उच्चारून पाहा. आपल्यापैकी बरेचजण ‘सुंदर’च्या पुढे अडखळतील.

यात आपला दोष नाही. नुकतीच ऐकलेली गोष्ट मेंदू अल्पकाळच धरून ठेवतो, आणि त्याच्या ओंजळीत मावते तेही थोडेच. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांनी १९५६ मध्ये ही मर्यादा सुमारे सात घटकांची सांगितली. पुढील संशोधकांनी ती चाराच्या आसपास आणली. आपल्या नावात तर अक्षरे दहा! परंतु पेरुमाळ म्हणजे विष्णू व कोयिल म्हणजे देऊळ एवढे कळले, की दहा अक्षरांचे तीनच शब्द उरतात आणि ओझे हलके होते. तंजावरच्या मराठी घरांतील मुलांना हा खटाटोप कशाला पडावा? तमिळ त्यांच्या कानांवर जन्मापासूनच असते.

पण हे नाव उद्या आठवेल काय? ते काम कानशिलांच्या आत खोलवर असलेल्या हिप्पोकॅम्पस या भागाचे. समुद्रघोड्याच्या आकारावरून त्याला हे नाव पडले. १९५३ मध्ये अमेरिकेत हेन्री मोलेसन या सत्तावीस वर्षांच्या तरुणाच्या अपस्मारावर उपाय म्हणून दोन्ही बाजूंचा हा भाग बव्हंशी काढण्यात आला. झटके कमी झाले. मात्र नवी आठवण टिकेना. ब्रेंडा मिलनर यांनी त्याला वर्षानुवर्षे तपासले, तरी प्रत्येक भेटीत त्या त्याला परक्याच. बालपण मात्र त्याला आठवत असे. आणखी नवल असे, की आरशात पाहून तारा गिरवण्यात त्याचा हात दिवसेंदिवस सुधारत गेला, जरी आपण तो पूर्वी कधी गिरवला होता हे त्याला ठाऊक नसे. म्हणजे हाताची आठवण निराळी आणि प्रसंगाची निराळी.

घरातील आजी जेवल्याचे विसरतात, पण माहेरच्या वाटेवरील गावे क्रमाने सांगतात, तेव्हा ‘सोयीचे तेवढे बरे आठवते’ असे आपण सहज बोलून जातो. अल्झायमरच्या विकारात हिप्पोकॅम्पस व त्यालगतचा भाग बहुधा आरंभीच झिजू लागतो. जुन्या आठवणी तोवर मेंदूच्या इतर भागांत रुजलेल्या असतात. आजी सोंग करीत नसतात. त्यांना डॉक्टरांकडे नेण्यास मात्र विलंब लावू नये, कारण विस्मरण कधीकधी थायरॉइडच्या बिघाडाने, ब-१२ जीवनसत्त्वाच्या उणिवेने किंवा एखाद्या औषधानेही होते, आणि ते उपचारांनी सुधारू शकते.