कपाशीतली तूर

पांढरकवडा म्हटलं की लोकांना कापूस आठवतो. मला मात्र या आठवड्यात केळापूरच्या वाटेवर कपाशीच्या मधली तुरीची तासं दिसली, शेंगांनी लगडलेली. बोंडअळीनं कापूस खाल्ला की इथलं घर हीच तूर सावरते. तिचं वरण होतं, तुऱ्हाट्या चुलीला जातात, आणि वरणाशिवाय पंगत उठली तर आमच्याकडे पाहुणा जेवला असं कोणी मानतच नाही! सरकारनं 2025-26 साठी क्विंटलमागे 8000 रुपये हमीभाव जाहीर केला, पण तुरीची आयात मे 2021 पासून खुली आणि मार्च 2023 पासून बिनशुल्कच ठेवली. म्यानमारात तूर फारशी कोणी खात नाही, तिथं ती मुख्यतः आपल्यासाठीच पिकते. मोझांबिकशी तर तूर आणण्याचा 2016 मध्येच करार झाला. या दोन्ही देशांतल्या शेतकऱ्याशी माझं भांडण नाही, तोही आभाळाकडेच बघतो. पण म्यानमारचा हंगाम जवळपास आपल्याच वेळचा. आपली तूर बाजार समितीच्या ओट्यावर पडलेली असताना बंदरात परदेशी पोती उतरली, तर भाव पडणारच. पावसाळ्यात टंचाई असेल तर खुशाल आणा. डिसेंबर ते मार्च मात्र आयातीवर शुल्क लागलंच पाहिजे.