शहर निवडण्याचे स्वातंत्र्य कोणाचे?

अमेरिकेतील नोकरीसाठी डॅलस बरे की सॅन होजे, हा प्रश्न आता जालन्यातील सुशिक्षित घरांतूनही चर्चिला जाऊ लागला आहे. टेक्सासात राज्याचा प्राप्तिकर नाही. कॅलिफोर्नियात पगार चढा, पण घरभाडे त्याहून चढे. न्यू जर्सीच्या एडिसनला आपली माणसे पुष्कळ. असा सारा हिशेब मांडला जातो. या हिशेबाला नाके मुरडण्याचे कारण नाही. पोटासाठी गाव सोडणारा प्रत्येक जण तो मांडतच असतो. आमचा आक्षेप आहे तो, शहराची ही निवड आपण स्वतः करीत आहोत, या समजुतीला.

वस्तुस्थिती काय आहे? १९९० च्या अमेरिकन कायद्याने आलेल्या एच-१बी व्हिसासाठी अर्ज करतो तो मालक, कामगार नव्हे. काम कोणत्या ठिकाणी होणार हेही मालकाच्याच कागदपत्रांत नोंदलेले असते, आणि दुसऱ्या महानगराच्या परिसरात पाठवायचे झाले तर सुधारित अर्ज पुन्हा मालकानेच करावयाचा. वर्षाकाठी जागा ६५ हजार, अधिक तेथील विद्यापीठांच्या उच्च पदवीधरांसाठी २० हजार. अर्ज याहून कितीतरी अधिक येत असल्यामुळे निवडीसाठी सोडतीचा आधार घ्यावा लागला. नोकरी सुटलीच तर फार तर ६० दिवसांत दुसरा मालक गाठावयाचा किंवा अन्य सोय पाहावयाची, नाहीतर बिऱ्हाड गुंडाळावयाचे. त्यातच १९ सप्टेंबर २०२५ रोजी राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी परदेशातून येणाऱ्यांसाठीच्या नव्या अर्जांवर १ लाख डॉलरची आकारणी जाहीर केली. ज्याचे शहर, घर आणि मुलांची शाळा एका सहीवर अवलंबून आहे, त्याच्या निवडीला स्वातंत्र्य म्हणावयाचे असेल तर खुशाल म्हणावे!

आता दृष्टी जवळ आणू. मंठा, अंबड, घनसावंगी या तालुक्यांतील वाड्यातांड्यांवरून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या बाहेर पडतात. कोणत्या कारखान्यावर जावयाचे, सांगलीला की सीमेपलीकडे कर्नाटकात, हे ठरते मुकादमाच्या उचलीवर. नवरा-बायकोचा एक कोयता, आणि त्या कोयत्यावर पावसाळ्यातच घेतलेली, लग्नात किंवा दवाखान्यात केव्हाच संपून गेलेली रक्कम. ती फिटेपर्यंत टोळी सोडता येत नाही. हंगामात फिटली नाही तर पुढच्या हंगामाला पुन्हा तोच मुकादम. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ मान्य झाली. पण उचलीची गाठ सुटली नाही. १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने उसनवारीपोटी रोजगाराचे किंवा देशात मुक्तपणे फिरण्याचे स्वातंत्र्य गमावणे, हेही वेठबिगारीचे लक्षण मानले आहे. या कसोटीवर आपल्या जिल्ह्यातील किती कोयते उतरतील, याचा शोध शासनाने घ्यावा ही अपेक्षा व्यर्थ आहे.

डॅलसचा अभियंता आणि ऊसतोड मजूर यांना एकाच मापाने मोजणे हा मजुराचा अपमान होईल, हे आम्ही जाणतो. एकाच्या हाती बचत आहे, दुसऱ्याच्या माथी कर्ज. तथापि गाठ मारण्याची रीत दोन्हीकडे एकच आहे: कामाबरोबर माणसाचे राहणेही मालकाच्या हाती देण्याची.

आणि ज्यांच्यासाठी जालना हेच परमुलखातील शहर आहे, त्यांचे काय? ‘जालना सोने का पालना’ असे अभिमानाने म्हणणाऱ्या या शहरातील पोलादाच्या भट्ट्या मुख्यतः परप्रांतीय मजुरांच्या घामावर चालतात. टाळेबंदीत काम बंद पडल्यावर मध्य प्रदेशातील शहडोल आणि उमरिया जिल्ह्यांचे असे काही कामगार रेल्वेरुळांच्या कडेने गावाकडे चालत निघाले. थकून रुळांवरच झोपलेल्या त्यांच्यापैकी १६ जण ८ मे २०२० च्या पहाटे करमाडजवळ मालगाडीखाली चिरडले गेले. जालन्याने त्यांना काम दिले होते. काम थांबताच राहण्याचाही आधार उरला नाही, आणि परतण्यासाठी वाहन मिळाले नाही. त्यांनी शहर निवडले होते, असे कोणी म्हणू धजेल काय?

म्हणूनच ट्रम्प यांच्या आकारणीवर संतापणारी आणि त्याच दमात ‘परप्रांतीयांना हाकला’ म्हणणारी मंडळी पाहिली की हसावे की रडावे, कळत नाही. डॅलसमधील आपला मुलगा तेथल्या भूमिपुत्रांच्या दृष्टीने परप्रांतीयच आहे, हे त्यांना कोणीतरी सांगावयास हवे.

उलटपक्षी आपल्यातील काही साथी परदेशी जाणाऱ्यांना सरसकट पळपुटे ठरवितात. जनतेच्या पैशावर शिकले आणि निघून गेले, हा आरोप एके काळी सयुक्तिक असेलही. आज शेत गहाण टाकून, बँकेचे कर्ज काढून खासगी महाविद्यालयाची फी भरणाऱ्यांना तो कसा लागू करावयाचा? तोही मजुरी विकणाराच आहे. त्याला हिणवून आपण फक्त एक सहानुभूतीदार गमावतो.

हंगामाला अजून अवधी असताना प्रत्येक तांड्यावर जाऊन उचलीची रक्कम, मुकादमाचे नाव आणि कारखाना यांची नोंद करणे हे काम तालुका शाखांना करता येण्याजोगे आहे. औद्योगिक वसाहतीतील परप्रांतीय कामगारांना आपल्या संघटनेचे सभासद करून घेण्याचा ठरावही जिल्हा बैठकीपुढे आणता येईल. त्याला विरोध करणारे साथी निघतीलच. त्यांनी तो करमाडचे नाव घेऊन करावा.