संख्यांची माळ कोठें तुटते ?

एका वाचकभगिनींनीं आम्हांस कळविलें आहे कीं, त्यांच्या चिरंजीवांनीं ५, ११, १७, २३, २९ अशी मूळसंख्यांची माळ गुंफली. परंतु पुढचें पद ३५ निघतांच ते हिरमुसले, आणि घरांतील वडील मंडळींनीं हा रिकामा उद्योग ठरविला. आमच्या मतें तो रिकामा मुळींच नव्हे.

भास्कराचार्यांच्या लीलावतींत श्रेढीव्यवहार आहे. पहिल्या पदास आदि, दर पदीं होणाऱ्या वाढीस चय व पदांच्या संख्येस गच्छ म्हणतात. वरील माळेंत आदि ५ व चय ६. आतां आदींत चय आदीइतक्याच वेळां मिळविला, तर येणाऱ्या संख्येस आदीनें निःशेष भाग जाणारच. म्हणून ही माळ सहाव्या पदीं तुटणें अटळ होतें. मुलाचें कांहीं चुकलें नाहीं. उलट चय त्यानें उत्तम निवडला. चयास ३ नें भाग जात नसेल, तर लागोपाठच्या कोणत्याहि तीन पदांपैकीं एकास ३ नें भाग जातोच (तें पद ३ हेंच असलें तर गोष्ट वेगळी). हाच न्याय २, ५ व ७ यांसहि लागू; यास्तव दहा पदांची माळ हवी असल्यास चय २१० च्या पटींत पाहिजे. १९९ पासून २१० च्या चयानें २०८९ पर्यंत दहाहि पदें मूळसंख्या आहेत. अकरावें २२९९, म्हणजे ११ गुणिले २०९. मधलीं पदें बालवाचकांनीं स्वतः मांडून ताडून पाहावीं. आयतें उत्तर देण्याची आमची रीत नाहीं.

जर्मन गणिती डिरिक्ले यांनीं १८३७ सालीं सिद्ध केलें कीं, आदि व चय यांस सामाईक अवयव नसेल, तर त्या श्रेढींत मूळसंख्या अनंत असतात. मात्र त्या विखुरलेल्या. लागोपाठच्या पदीं किती मिळतील, हा प्रश्न निराळा व फार बिकट. २००४ सालीं बेन ग्रीन व टेरेन्स टाओ यांनीं तो सोडविला: गच्छ कितीहि मोठा मागा, सर्व पदें मूळसंख्या असलेली तेवढी श्रेढी असतेच. असते खरी, पण हातीं येणें कठीण. यंत्रगणनेनें २०१९ सालीं सत्तावीस पदांची एक सांपडली. एवढ्या गच्छासाठीं चयास २ पासून २३ पर्यंतच्या सर्व मूळसंख्यांनीं भाग जावा लागतो. म्हणजे तो निदान २२,३०,९२,८७० असलाच पाहिजे.