पालकसभा कोणाच्या सोयीने?

निवासी शाळेच्या फाटकापाशी मुलाची पेटी उतरवताना पालक हात जोडून म्हणतात, "जयभीम गुरुजी, आता पोरगं तुमचं." या शब्दांतील विश्वास मोठा आहे, तरीही ते ऐकताना मी नेहमी अस्वस्थ होतो.

परळच्या एका खोलीत रामजी सुभेदार रात्री २ वाजेपर्यंत जागत, भीमरावांना अभ्यासाला उठवीत आणि मग स्वतः निजत. पुस्तकांसाठी त्यांनी विवाहित मुलींचे दागिने गहाण ठेवले. सुभेदार लष्करी शाळेत मुख्याध्यापक होते हे खरे. परंतु मुलाला पहाटे उठवायला अक्षरओळख लागत नाही.

आमचे पालक दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत मजुरीला जातात. ऐन ऑक्टोबर छाटणीत, मंगळवारी सकाळी अकराला सभा बोलवायची आणि हजेरी भरली नाही की 'पालक उदासीन' असा शेरा मारायचा! तो शेरा मीही लिहिला आहे. पुढे एका आईने सांगितले, "सर, त्या दिवशी आले असते तर रोज बुडाला असता, वर एसटीचं भाडं."

शिक्षण हक्क कायद्याने (२००९) शासकीय व अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असावेत असे ठरविले. खुर्ची मिळाली, वेळ कोण देणार? सभा मजुरांच्या सुट्टीच्या, बाजाराच्या दिवशी घ्यावी. आणि प्रगतिपुस्तकावर अंगठा घेण्यापूर्वी मुलाने ते आईला वाचून दाखवावे, कमी गुणांसकट.